इंग्लिश खेड्यात मुडदा कसा पाडावा : नवख्या रहस्यकथाकारांसाठी

इंग्लिश खेड्यातली खूनकथा लिहायला बसणाऱ्या नवख्या लेखकाकडे सामान भरपूर असतं. चर्चचा मनोरा, वेलींनी झाकलेली घरं, चहा आणि सोबत स्कोन नावाचे छोटे पाव, एक चौकस बाई आणि पहिल्याच प्रकरणात पडलेलं प्रेत. तरी दहाव्या पानावर कथा रुतते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. गाव नुसतं देखाव्यासाठी ठेवलेलं असतं आणि खून त्यावर वरून आणून चिकटवलेला असतो. तोच खून मुंबईच्या फ्लॅटमध्येही झाला असता.

या प्रकारच्या कथेत खुनी गावाच्या परिपाठाचा फायदा घेतो आणि शोध घेणारी बाई त्या परिपाठात पडलेली चूक पकडते. कोण किती वाजता कुठे असतो, कोणाच्या ताटात काय असतं, कोणाचं दार उघडं असतं, हे सगळ्या गावाला माहीत असतं. तेवढ्या भांडवलावर खून होतो आणि तेवढ्याच भांडवलावर तो उघडकीला येतो. खालच्या पायऱ्या याच धोरणाने लावल्या आहेत. सोबत एक नमुन्याचं कथानकही रचत जाऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

पायरी पहिली : साल, महिना, वार

‘साधारण पूर्वीचा काळ’ असं म्हणून भागत नाही. साल बदललं की फोन, कायदा, जेवण आणि शिक्षा सगळंच बदलतं. ब्रिटनमध्ये शेवटची फाशी ऑगस्ट १९६४ मध्ये झाली. त्याआधीच्या कथेत खुन्याचं नाव सांगणं म्हणजे त्याच्या गळ्यात दोर अडकवणं, आणि हे तुमच्या नायिकेला पक्कं ठाऊक असतं. ९९९ हा पोलिसांचा नंबर १९३७ मध्ये आला, तोही आधी लंडनपुरता. अन्नाचं रेशनिंग १९४० ते १९५४ चाललं, तेव्हा १९४७ च्या कथेत कोणी तीन थरांचा केक कापला तर प्रेताच्या आधी गाव साखर कुठून आली याची चौकशी करेल.

आजच्या काळातली कथा लिहायची तर मोबाइल, सीसीटीव्ही आणि डीएनए यांची सोय लावावी लागते. पण त्याने घाबरून जायचं कारण नाही. डीएनएच्या आधारे खुन्याला शिक्षा होण्याची जगातली पहिली घटना इंग्लिश खेड्यांतलीच आहे. लेस्टरशायरमधल्या नारबरो आणि एंडर्बी या शेजारशेजारच्या गावांत दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. पोलिसांनी हजारो पुरुषांच्या रक्ताचे नमुने घेतले. खुन्याने आपल्या जागी एका सहकाऱ्याला नमुना द्यायला पाठवलं होतं. पुढे तो सहकारी पबमध्ये हे बोलून गेला, ऐकणाऱ्यांपैकी एका बाईने पोलिसांना कळवलं आणि १९८८ मध्ये खुन्याला जन्मठेप झाली. प्रयोगशाळेचं काम मोलाचं होतंच, पण नेमका माणूस हाती लागला तो पबमधल्या गप्पांमुळे.

तरी पहिल्या कथेसाठी माझा सल्ला दोन महायुद्धांमधल्या काळाचा. आपण १९३४ चा फेब्रुवारी घेऊ. आता त्या सालाचं कॅलेंडर काढा. हा कंटाळवाणा वाटणारा उद्योग टाळू नका, कथानकाचा अर्धा भाग तिथेच सापडतो. १९३४ मध्ये ईस्टर १ एप्रिलला होता, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला येतो. उपासकाळात चर्चमध्ये लग्न लावायचं नाही, असा जुना रिवाज. म्हणजे कोणाला घाई असेल तर लग्न मंगळवारी, १३ तारखेला उरकायला हवं. त्या दिवशी घरोघरी पॅनकेक होतात. त्याआधीचा रविवार ११ तारखेचा.

आणि लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार वधूवरांची नावं चर्चमध्ये मोठ्याने वाचली जातात, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. वसईतल्या आणि गोव्यातल्या वाचकांना ही पुकार वेगळी समजावून सांगायला नको. आपली तिसरी पुकार ११ फेब्रुवारीला. एक निवृत्त मेजर साठीत लग्न करतोय. झाली सुरुवात.

पायरी दुसरी : गावाचा रविवार लिहून काढा

पात्रांची नावं ठरवण्याआधी एका दिवसाचं वेळापत्रक मांडा. कागदाच्या डावीकडे वेळ, उजवीकडे गाव.

साडेदहाला घंटा सुरू होतात. आपल्याकडे एक माणूस देवळातली घंटा वाजवून मोकळा होतो. इथे मनोऱ्यात सहा घंटा असतात, प्रत्येकीच्या दोराला एक माणूस, आणि त्या ठरलेल्या क्रमाने फेर बदलत अर्धा तास वाजतात. घंटा वाजवणाऱ्यांची खोली बऱ्याच चर्चमध्ये मनोऱ्याच्या तळाशी असते आणि कधी तिला बाहेर उघडणारं स्वतंत्र दारही असतं. घंटा वाजवून झाल्या की प्रार्थनेला न बसता सटकणारे वादक ही पाळकांची फार जुनी तक्रार आहे. हे लिहून ठेवा.

अकराला प्रार्थना. सव्वाबाराच्या सुमाराला लोक बाहेर पडतात. एक वाजता जेवण : भाजलेलं बीफ, बटाटे आणि हॉर्सरॅडिशचा सॉस. हॉर्सरॅडिश म्हणजे नाकात मोहरीसारख्या झिणझिण्या आणणारं मूळ. ते किसून व्हिनेगर आणि साय घालून सॉस करतात. दूधवाला, पोस्ट, दुकानं यांचे रविवारचे नियम वेगळे असतात, तेही बघा.

पबची वेळ तर पाठच करा. नवखे लेखक संशयिताला रविवारी सकाळी अकरा वाजता बिअर पाजतात. १९२१ च्या कायद्याप्रमाणे रविवारी दुपारी बाराच्या आत पब उघडत नसे, दुपारी जास्तीत जास्त दोन तास आणि संध्याकाळी तीन तास चाले. ‘मी पबमध्ये होतो’ हे उत्तर साडेअकरासाठी दिलं की तो माणूस खोटं बोलतोय हे इंग्लिश वाचकाला लगेच कळतं. तुमच्या मराठी वाचकाला कळण्यासाठी ती वेळ चाळीसेक पानं आधी सहज बोलण्यातून सांगून ठेवा. थंडीत पबच्या बंद दाराशी घड्याळ बघत उभा असलेला म्हातारा पुरेसा आहे.

गावाचा नकाशाही काढाच. चर्च, पाळकाचं घर, पब, पोस्ट, मेजरचं घर, आणि शेतांमधून जाणारी पायवाट. तिकडे अशा पायवाटांवरून खासगी जमिनीतूनही चालण्याचा सार्वजनिक हक्क असतो. त्यामुळे मेजरच्या परसाच्या कुंपणाशी कोणी दिसलं तरी ते संशयास्पद ठरत नाही.

पायरी तिसरी : खरं काय घडलं ते आधी, सरळ लिहा

कथा शेवटाकडून रचायची. खुन्याने काय केलं, किती वाजता, कोणत्या दाराने, हे दोन पानांत लिहून काढा. त्यात रहस्य नको, वर्णन नको. ही पानं वाचकाला कधीच दिसणार नाहीत.

ती लिहिण्याआधी एक खरं प्रकरण समजून घ्या, कारण गाव खून कसा पकडतं याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही. हे गाव म्हणजे वेल्सच्या हद्दीवरचं हे-ऑन-वाय. खेडं म्हणण्यापेक्षा लहानसं बाजाराचं गाव. तिथे मेजर हर्बर्ट रोज आर्मस्ट्राँग नावाचे वकील राहत. फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांची पत्नी कॅथरिन आजारी पडून वारली. मृत्यू नैसर्गिक धरला गेला. गावात दुसरे वकील होते ऑस्वल्ड मार्टिन. दोघांत एका व्यवहारावरून ताणाताणी चालली होती. ऑक्टोबर १९२१ मध्ये आर्मस्ट्राँगने मार्टिनना घरी चहाला बोलावलं आणि लोणी लावलेला स्कोन ‘हातानेच देतो, माफ करा’ असं म्हणून पुढे केला. घरी गेल्यावर मार्टिनना उलट्या सुरू झाल्या.

आता गाव कामाला लागलं. मार्टिनचे सासरे जॉन डेव्हिस हे गावातले औषधविक्रेते होते. आर्मस्ट्राँगने बागेतलं तण मारायला म्हणून सोमल, म्हणजे आर्सेनिक, नेल्याचं त्यांना ठाऊक होतं, कारण तो त्यांनीच विकला होता. सोमल विकताना घेणाऱ्याचं नाव, कारण आणि सही नोंदवून ठेवायची सक्ती १८५१ पासून होती. सासऱ्याला जावयाची लक्षणं खटकली. काही आठवड्यांपूर्वी मार्टिनच्या घरी निनावी चॉकलेटचा डबा आला होता आणि त्यातलं चॉकलेट खाऊन नात्यातली एक बाई आजारी पडली होती, हेही आठवलं. डॉ. हिंक्स यांनी मार्टिनवर उपचार करताना आर्मस्ट्राँगबाईंच्या आजाराचा पुन्हा विचार केला. लघवीचा नमुना लंडनला गेला आणि त्यात सोमल निघाला.

पुढचा भाग तर कोणाला सुचला नसता. स्कॉटलंड यार्ड गुपचूप तपास करत होतं, मार्टिनना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि आर्मस्ट्राँग त्यांना पुन्हा पुन्हा चहाला बोलावत होता. मार्टिननी रोज नवी सबब काढायची आणि आर्मस्ट्राँग रस्त्यात भेटला की हसून मान डोलवायची. ३१ डिसेंबरला अटक झाली तेव्हा आर्मस्ट्राँगच्या खिशात सोमलाची पुडी सापडली. पत्नीचं प्रेत उकरून काढलं, त्यातही सोमल होता. एकेका पिवळ्या फुलाच्या तणाला एकेक पुडी, असा त्याचा बचाव होता. ३१ मे १९२२ रोजी ग्लॉस्टरच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. ब्रिटनमध्ये खुनासाठी फासावर गेलेला तो एकमेव वकील.

इथे कोणी भिंग घेऊन गालिचा तपासला नाही. विष विकणारा आणि विषबाधा झालेल्याचा सासरा एकच माणूस निघाला, एवढीच गोष्ट. मोठ्या शहरात ही दोन टोकं जुळली नसती. तुमच्या कथेत अशी दोन टोकं कोणत्या माणसात जुळतात, ते शोधा.

आपल्या नमुन्यात खुनी मेजरचा भाचा. गावात मोटारींचं गॅरेज चालवतो, मनोऱ्यात घंटा वाजवतो. रविवारी अकराला घंटा थांबल्यावर बाहेरच्या दाराने सटकतो, पायवाटेने मेजरच्या घरी जातो. मेजर आणि त्याची स्वयंपाकीणबाई दोघंही चर्चमध्ये. मागचं दार उघडं. कोठीत सॉसचं भांडं तयार. त्यात तो बचनाग या विषारी झाडाचं किसलेलं मूळ मिसळतो आणि लोक चर्चमधून बाहेर पडताना गर्दीत हजर होतो.

पायरी चौथी : चौकस बाईला दार कोण उघडतं?

हौशी शोधक निवडताना स्वभावाच्या आधी तिचा वावर बघा. काही न विचारता तिला कोणाकोणाच्या स्वयंपाकघरात जाता येतं? सायकलवरून फिरणारी नर्स, पोस्टातली बाई, शिवणकाम करणारी, पियानो शिकवणारी, या सगळ्या चालतील. लंडनहून सुट्टीला आलेला हुशार पत्रकार मात्र टाळा. त्याला प्रत्येक प्रकरणात आत शिरायला नवं निमित्त शोधावं लागतं आणि तुमची निम्मी पानं त्यातच जातात.

या कथांत अविवाहित प्रौढ बाई इतक्यांदा दिसते याला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात लाखो तरुण मेले. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा बायका सुमारे १७ लाखांनी जास्त निघाल्या. वर्तमानपत्रं त्यांना ‘जादा बायका’ म्हणत. अशी एखादी बाई चर्चचा ऑर्गन वाजवते, मुलांना पियानो शिकवते, गावाला ती गृहीतच असते. तिला गमतीदार म्हातारी करू नका. तिच्या वाट्याला आलेलं रिकामपण एखाद्या वाक्यात दिसलं तरी पुरे.

आपली नायिका ऑर्गनवादक. याचं व्यावहारिक कारण आहे. ऑर्गन वाजवणाऱ्याची पाठ बऱ्याचदा लोकांकडे असते, म्हणून डोळ्यांसमोर छोटा आरसा लावलेला असतो. पाळक कुठवर आला, वधू दारात आली का, हे त्यात बघून ती वाजवते. म्हणजे सगळं गाव तिच्या पाठीमागे बसलेलं आणि सगळं गाव तिच्यासमोर तळहाताएवढ्या काचेत. घंटावादकांच्या मागच्या बाकावर त्या दिवशी सहाऐवजी पाच डोकी दिसली. तिला तेव्हा त्यात काही वाटत नाही, कारण सटकणं नेहमीचंच. तुम्हीही ते वाक्य तसंच, इतर चार गोष्टींच्या मध्ये टाका.

तिला या भानगडीत पडायचं कारणही हवं. संशय स्वयंपाकीणबाईवर येतो : तिने चुकून भलतं मूळ किसलं. त्या बाईची नोकरी, नाव, म्हातारपण सगळं पणाला लागलंय. नुसती जिज्ञासा म्हणून प्रेताभोवती घुटमळणारी नायिका तिसऱ्या प्रकरणात नकोशी होते.

पायरी पाचवी : विष आणि ऋतू

बंदूक आवाज करते, सुरा रक्त सांडतो, म्हणून या प्रकारात विष लाडकं. अगाथा ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करण्याचं काम केलं होतं, आणि त्यांच्या विषांबद्दलच्या अचूकपणाचं मूळ तिथे आहे. तुम्हाला ते काम करायची गरज नाही, पण विषाचं झाड, त्याचा हंगाम आणि ते त्या काळी घरात कशासाठी असे, एवढं तरी तपासा. त्या काळच्या इंग्लिश घरात गांधीलमाश्यांच्या पोळ्यासाठी सायनाइड, चिचुंद्रीसारख्या मोल नावाच्या प्राण्यासाठी कुचल्याचं विष आणि तणासाठी सोमल असे. चर्चच्या आवारात यू नावाचं झाड असतं, तेही विषारी.

बचनागाची तिकडची जात बागेत निळ्या फुलांसाठी लावतात. हॉर्सरॅडिश समजून तिचं मूळ खाल्ल्याचे प्रकार खरोखर घडले आहेत. १८५६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डिंगवॉल इथे अशाच सॉसमुळे मेजवानीतले पाहुणे दगावले, त्यांत दोन कॅथलिक पाद्री होते. पण ही चूक हिवाळ्यातच शक्य वाटते. पानं झडलेली असतात, जमिनीत नुसती मुळं. जूनमध्ये निळी फुलं डोलत असताना कोणता माळी फसेल? आपण फेब्रुवारी घेतला तो याचसाठी. उन्हाळ्यातल्या फुलांच्या प्रदर्शनाचा मोह सोडावा लागला, इलाज नाही.

आता या सगळ्यातला सगळ्यात चांगला धागा स्वयंपाकघरात आहे. हॉर्सरॅडिश किसताना डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, कांदा परवडला. बचनागाच्या मुळाला तो झणका नसतो. स्वयंपाकीणबाई पहिल्याच दिवशी रडतरडत सांगते, ‘चर्चला जायच्या आधी किसलं, नेहमीसारखे डोळे चुरचुरले, टोपी घालायच्या आधी तोंड धुवावं लागलं.’ ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारी भेदरून काहीबाही सांगतेय. प्रत्यक्षात तिने तिथेच आपलं निरपराधित्व सिद्ध केलेलं असतं. तिने खरं हॉर्सरॅडिश किसलं होतं, म्हणजे विष नंतर पडलं, म्हणजे घर रिकामं असताना कोणीतरी आत आलं होतं. वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेला आणि तरी न दिसणारा धागा म्हणतात तो हा.

मेजर पुण्याच्या छावणीत नोकरी करून परतलेला दाखवायचा मोह होईल. दाखवा, असे निवृत्त अधिकारी इंग्लंडच्या खेड्यांत खूप होते. पण ‘पूर्वेकडचं गूढ विष’ आणू नका. पाद्री आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियम मांडले, त्यांत अज्ञात विषांना बंदी आहे. गुप्त वाट फार तर एक, जुळी भावंडं आधी सांगितल्याशिवाय नाहीत, आणि शोधकाला जे दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. बाकी नियम मोडले तरी चालतील, हा शेवटचा मोडू नका.

पायरी सहावी : हेतू कायद्यात शोधा

आपल्याकडच्या कथेत सातबारा आणि भाऊबंदकी आली की काम भागतं. तिकडे मृत्युपत्राचे नियम वाचा. १८३७ च्या कायद्यातली दोन कलमं तर रहस्यकथाकारांसाठीच लिहिल्यासारखी आहेत. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला किंवा त्याच्या जोडीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. आणि माणसाने लग्न केलं की त्याचं आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. १९२५ नंतर यात एक पळवाट आली : ठरावीक लग्न डोळ्यांसमोर ठेवून केलंय, असं मृत्युपत्रात लिहिलं असेल तर ते टिकतं. म्हणून तुमच्या कथेतल्या वकिलाने मृत्युपत्र जुनं आहे, दहा वर्षांपूर्वीचं, हे कुठेतरी सांगायला हवं.

मेजरने सगळं भाच्याच्या नावे केलंय, हे गावाला माहीत. त्यामुळे गावाचा हिशेब असा : भाच्याचं आज ना उद्या होणारच आहे, त्याला कसली घाई? लग्नाने ते मृत्युपत्र आपोआप रद्द होईल हे कोणाच्या डोक्यात येत नाही. भाचा मात्र वकिलाकडे जाऊन आलाय. पहिली पुकार ऐकली तेव्हा त्याच्या हातात सोळा दिवस होते, तिसरीला दोन.

संशयाची सुई मधल्या पानांत होणाऱ्या नवरीकडे वळू द्या. गावाला ती बाहेरची, वयाने लहान. तिचं नुकसान झालंय हे फक्त वकिलाला आणि विचार करणाऱ्या वाचकाला कळेल.

पायरी सातवी : पोलीस आणि कॉरोनर

इथे चटकन पुढे जाऊ, पण चार गोष्टी चुकवू नका. गावचा पोलीस सायकलवर येतो. जिल्ह्याचं पोलीस दल वेगळं, स्कॉटलंड यार्ड बोलावल्याशिवाय येत नाही. संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो, बऱ्याचदा गावातल्याच शाळेत किंवा सभागृहात, सात ते अकरा माणसांच्या ज्युरीसमोर. ही ज्युरी खुन्याचं नावही घेऊ शकत असे. तो अधिकार १९७७ मध्ये गेला. मध्यावरचं प्रकरण या चौकशीला द्या. सगळी पात्रं एका खोलीत, शपथेवर, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. स्वयंपाकीणबाईचं डोळे चुरचुरल्याचं वाक्य इथे दुसऱ्यांदा येऊ द्या आणि कॉरोनरला ते अप्रस्तुत म्हणून तोडू द्या.

पोलिसांना मूर्ख दाखवू नका. इन्स्पेक्टर हुशार असला तरी चालतो. त्याच्यापुढे लोक तोंड धुऊन, कपडे बदलून बसतात आणि ऑर्गनवाल्या बाईपुढे मटार सोलत बोलतात, एवढा फरक पुरतो.

पायरी आठवी : शेवटचा धागा

आरशातली पाच डोकी हा पुरावा होत नाही. भाचा म्हणेल, मी खांबाआड होतो. त्याला खोटं पाडणारी एक गोष्ट हवी, आणि ती पुन्हा त्या रविवारच्या परिपाठातच हवी.

चर्चमध्ये भिंतीवर लाकडी फळी असते. तिच्यावर त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक आधीच लावून ठेवतात. मनोऱ्याच्या कमानीतून भाच्याला ती दिसली होती. पण प्रार्थना चालू असताना चिठ्ठी आली की गावातली एक म्हातारी सकाळी वारली. पाळकाने शेवटचं गीत बदललं, तोंडी जाहीर केलं. फळीवरचा क्रमांक तसाच राहिला. मेजरच्या दफनाच्या वेळी भाचा गहिवरून नायिकेला म्हणतो, ‘मामांचं ते आवडतं गीत त्या दिवशी शेवटी गायलं, बरं झालं.’ फळीवरचं गीत. जे तिने वाजवलंच नव्हतं.

युक्ती जुनी आहे, तिचे शंभर अवतार होऊन गेलेत. तरी चालते, कारण फळी, चिठ्ठी आणि गीत हे तिन्ही तुम्ही आधी तीन वेगवेगळ्या कारणांसाठी दाखवलेलं असतं. फळी थंडीच्या वर्णनात, चिठ्ठी म्हातारीच्या मरणात, गीत मेजरच्या स्वभावात. एकाच परिच्छेदात तिन्ही आणले तर खेळ संपला.

पायरी नववी : मराठीत बोलवताना

नोकर मालकिणीला ‘बाईसाहेब’ म्हणू लागले की सगळं गाव कोल्हापूरच्या वाड्यात जाऊन बसतं. तिकडचे संबोधनाचे रिवाज वापरा. त्या काळी मोठ्या घरांत स्वयंपाकीण अविवाहित असली तरी मानाने ‘मिसेस’ म्हणवली जाई, मोलकरणीला नावाने आणि बटलरला नुसत्या आडनावाने हाक मारत. शल्यचिकित्सक ‘डॉक्टर’ नसतो, ‘मिस्टर’ असतो. मेजर निवृत्त झाला तरी मेजरच राहतो. सगळे एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतील. भाच्याला मामा ‘तू’ म्हणेल आणि भाचा मामाला ‘तुम्ही’. खेडुताच्या तोंडी मालवणी किंवा वऱ्हाडी घालायचा प्रयोग करू नका, हसू येतं. वाक्यं आखूड ठेवली आणि हवामानाबद्दल बोलायला लावलं की काम होतं.

पायरी दहावी : उलगडा आणि तपासणी

सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून भाषण ठोकायची गरज नाही. ऑर्गनवाली बाई चर्चमध्ये भाच्याला एकटं गाठेल हेही नको. शहाणी बाई तसं करत नाही, आणि त्या काळी फोन पोस्टातून जोडून घ्यावा लागे हे विसरू नका. ती इन्स्पेक्टरला आपल्या स्टुलावर बसवून आरसा दाखवेल, हे मला जास्त पटतं.

हस्तलिखित दोघांना वाचायला द्या, शक्यतो रहस्यकथा वाचणाऱ्या एकाला आणि न वाचणाऱ्या एकाला. कॉरोनरच्या चौकशीपर्यंतची पानंच द्या आणि खुनी कोण ते कागदावर लिहून मागा. दोघांनीही भाचा लिहिला तर वकिलाची जुन्या मृत्युपत्राची ओळ फार ठळक झालीय, ती विनोदात लपवा. दोघांनाही काहीच सुचलं नाही तर स्वयंपाकीणबाईचं रडणं एकदा वाढवा. एकाने भाचा आणि दुसऱ्याने नवरी लिहिली, तर कागद परत घ्या आणि उरलेली पानं त्यांच्या हातात ठेवा.